परमुलखातले घर

आमच्या नानीच्या पेटीत तिच्या निकाहाचा कागद, हजहून आलेली तसबीह आणि एक पिवळा पडलेला परवाना असा ऐवज होता. परवान्यावर गोंड्याची तुर्की टोपी घातलेल्या तरुणाचा फोटो चिकटवलेला आहे. हे नानीचे वालिद, म्हणजे आमचे परनाना. कागद केप टाऊनच्या इमिग्रेशन खात्याचा. या इसमाला हिंदुस्थानात जाऊन ठरलेल्या मुदतीत परत येण्याची मुभा आहे, एवढाच त्याचा मजकूर. नानीने तो शेवटपर्यंत जपला. कारण विचारले की म्हणायची, "आपलं घर आहे तिकडे."

त्या घराची आठवण निघाली ती मामूंमुळे. मामू गेली अठ्ठावीस वर्षे दुबईला आहेत. पुढच्या वर्षी ते कायमचे परतणार आहेत. रजेवर आले तेव्हा आमच्या खारघरच्या घरी सगळे जमले आणि त्यांनी विषय काढला. आयुष्यभराच्या बचतीतून दुबईत एक वन बीएचके घ्यायचा आणि तो भाड्याने द्यायचा. "बँकेचं व्याज आपल्याला नको. शेअर बाजार कळत नाही. घराचं भाडं हलाल. म्हातारपणी दर वर्षी येत राहील," मामू म्हणाले. मामी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेच विचारले, "आणि बंद झालं तर तिथे भांडायला कोण जाणार?" मामू आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मुलांना इतिहास शिकवता ना? मग सांगा बघू."

तेव्हा हा लेख म्हणजे मामूंना दिलेले उत्तर आहे. पण मामूंसारखे अनेक जण आपल्या समाजात आहेत, म्हणून तो इथे मांडत आहोत.

कोकणातला मुसलमान समुद्रापलीकडे गेला तो आखातातल्या तेलामुळे, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती खरी नाही. रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या रायगडमधली माणसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केप टाऊनला पोहोचली होती. नाताळच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या गिरमिटियांसारखे करार त्यांच्यावर नव्हते. ते स्वतःच्या खर्चाने गेले. फळे-भाजी विकली, दुकानात नोकरी केली, जमले त्यांनी स्वतःचे दुकान टाकले. बायका-मुले बहुधा गावीच राहिली.

या माणसांचा इतिहास सरकारी कागदांतच सापडतो. दक्षिण आफ्रिकेतल्या इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केपच्या इमिग्रेशन खात्याच्या जुन्या फायली तपासून त्यावर लिहिले आहे. त्या गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांच्या नात. फॉर्म, परवाना आणि फोटो या तीन गोष्टींनी केपमधल्या हिंदी माणसाचे येणे-जाणे कसे बांधून टाकले होते, हे त्यांच्या लेखनातून कळते. केपच्या १९०६ च्या इमिग्रेशन कायद्याने बाहेरून येणाऱ्यांवर अटी घातल्या. आधीपासून राहणाऱ्या हिंदी माणसाला गावी जायचे असेल तर फोटो लावलेला परवाना घेऊन जावे लागे. मुदतीत परतला नाही तर केपमध्ये राहण्याचा हक्क जाण्याची भीती असे. पुढे १९१३ च्या कायद्याने नव्या आशियाई माणसांना दक्षिण आफ्रिकेचे दार जवळजवळ बंदच झाले.

आता घराकडे वळू. त्या काळी दक्षिण आफ्रिकेच्या चार प्रांतांत चार तऱ्हा होत्या. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये हिंदी माणसाला वस्तीच करता येत नसे. ट्रान्सवालमध्ये १८८५ चा तिसरा कायदा होता. त्याने आशियाई लोकांना स्थावर मालमत्ता घेण्यास मनाई केली आणि नंतरच्या दुरुस्तीने फक्त सरकारने नेमून दिलेल्या गल्ल्या-वस्त्यांपुरती सवलत ठेवली. तिथल्या व्यापाऱ्यांनी यावर तोड काढली. पैसा आपला आणि कागदावर नाव एखाद्या गोऱ्या मित्राचे. नंतर कंपनी काढून तिच्या नावाने जागा घेण्याची वाट सापडली, तर १९१९ च्या कायद्याने तीही बुजवली. केप प्रांतात मात्र हिंदी माणसाला जागा स्वतःच्या नावावर घेता येत असे. म्हणून परनानांसारख्या साध्या माणसाला डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये घर घेता आले. खाली दुकान, वर आणि मागे भाडेकरूंची बिऱ्हाडे. घराचा कागद पक्का होता, त्यात कुठलीही बेनामी भानगड नव्हती.

तरी ते घर गेले. एका दिवसात नाही, तीन पायऱ्यांनी गेले.

पहिली पायरी परवान्याची. परनाना गावी आले आणि आजारी पडले. मुदत टळली. घराचे मालक तेच होते, पण घरापर्यंत जाण्याचा हक्क त्यांच्याजवळ उरला नाही. घराचा कागद आणि राहण्याचा कागद हे दोन वेगळे कागद असतात, हे आमच्या घराण्याला तेव्हा कळले.

दुसरी पायरी विश्वासाची. भाडे गोळा करायचे काम तिकडच्या चुलतभावाकडे आले. पहिली काही वर्षे पैसे नियमाने येत. मग दुरुस्तीचा खर्च, पालिकेची पट्टी, भाडेकरूने बुडवलेले महिने असे हिशेब पत्रातून येऊ लागले. चुलतभाऊ बेइमान होते असे आम्ही म्हणणार नाही. पण हिशेब तपासायला कोणी नव्हते आणि परनानी निरक्षर होत्या. परनाना वारल्यावर पत्रे कमी झाली. मालकीण झालेल्या त्या बाईने आपले घर कधी पाहिलेच नव्हते.

तिसरी पायरी कायद्याची. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आशियाई लोकांच्या जमीनधारणेवर नवा कायदा आणला. हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी त्या देशाशी व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. १९५० मध्ये ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट आला. कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहायचे आणि जागा घ्यायची, हे आता सरकार ठरवणार होते. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स 'गोऱ्यांचा भाग' म्हणून जाहीर झाला. पुढच्या दीड दशकात सुमारे ६० हजार माणसांना तिथून हलवले आणि घरांवर बुलडोझर फिरवले. मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. मुईर स्ट्रीटवरची मशीद आजही उभी आहे. हिंदी कुटुंबांना रायलँड्ससारख्या नेमून दिलेल्या वस्त्यांत जावे लागले. परनानांचे घर सरकारी मंडळाने आपल्याच मोलाने घेतले, एवढे एका पत्रातून कळले. त्या मोलातला आमच्या वाट्याचा पैसा गावी आला नाही.

वंशभेदाची राजवट संपल्यावर १९९४ मध्ये जमीन परत देण्याचा कायदा झाला. १९१३ नंतर वंशभेदी कायद्यांमुळे ज्यांची जागा गेली, त्यांना दावा करता येणार होता. विशेष म्हणजे फक्त मालकांनाच नव्हे, दीर्घकाळ राहिलेल्या भाडेकरूंनाही. दाव्याची शेवटची तारीख होती ३१ डिसेंबर १९९८. आमच्या घरी ही बातमी पोहोचली तेव्हा ती तारीख उलटून गेली होती. २०१४ मध्ये मुदत पुन्हा खुली करणारी दुरुस्ती झाली, पण २०१६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. कागद म्हणून आमच्याजवळ होता तो फक्त परवाना. घराचे खत चुलतभावाच्या कपाटात राहिले होते. म्हणजे भाडेकरूंच्या मुलांना जे मागता आले, ते मालकाच्या मुलीला मागता आले नाही.

हे दुर्दैव आमच्या एकट्याचे नव्हते. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांत बहुतेक गुजराती होते. कंपालातल्या त्यांच्या इमारती आधी सरकारी कस्टोडियनकडे गेल्या आणि पुष्कळशा तिथून मर्जीतल्यांना वाटल्या गेल्या. १९८२ मध्ये मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला, पण प्रत्यक्षात परतफेड मुख्यतः नव्वदच्या दशकात झाली. ज्यांच्याजवळ कागद होते आणि जे स्वतः जाऊन उभे राहू शकले, त्यांना मिळाले.

आता आखात. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आपली गावेच्या गावे तिकडे लोटली. तिथे घर घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारण आखातातल्या बहुतेक देशांत परक्याला जमीन घेता येत नसे. राहायचे भाड्याच्या खोलीत, एकेका खोलीत सहा-सहा जणांनी. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा दोन महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार हिंदी माणसे विमानांनी परत आली. त्यांत कोकणातले पुष्कळ होते. नोकरी गेली, सामान गेले, घर मात्र गेले नाही, कारण घर त्यांचे नव्हतेच.

तिथे घेता येत नाही म्हणून तो पैसा इथे आला. मुंब्रा, पनवेल, तळोजा आणि आमची नवी मुंबई या पैशाने भरली. आमच्या नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "किती जणांचे अब्बा बाहेर आहेत?" अर्ध्याअधिक वर्गाने हात वर केले. "कितीजण भाड्याच्या घरात राहता?" पुन्हा तेवढेच हात. मग एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्या घराचा मालकपण दुबईला असतो." वर्ग हसला. आम्हांला मात्र त्यात आपल्या समाजाचा सारा हिशेब दिसला. मालक परमुलखात भाडेकरू आणि भाडेकरूचा बापही परमुलखात भाडेकरू.

दुबईचे चित्र २००२ मध्ये पालटले. त्या वर्षी परक्यांनाही ठरावीक भागांत पूर्ण मालकीने घर घेता येईल अशी घोषणा झाली. विक्री धडाक्याने सुरू झाली, पण नीट कायदा आला तो २००६ मध्ये, त्या वर्षीच्या सातव्या कायद्याने. अमिरातीच्या आणि शेजारच्या आखाती देशांच्या नागरिकांना कुठेही जागा घेता येते, परक्यांना फक्त नेमलेल्या भागांत. म्हणजे जिथे मामूंचे आयुष्य गेले त्या देऱ्याच्या जुन्या गल्लीत नव्हे, तर नव्याने उठवलेल्या वस्त्यांत. बिल्डरने ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत हा नियम २००७ चा. २००८ च्या अखेरीस जगभरची मंदी आली आणि दुबईतल्या घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर घसरल्या. नकाशावर पाहून हप्ते भरलेल्या अनेकांची घरे पायाच्या वर गेलीच नाहीत. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी असे पाच हप्ते भरले होते. त्यांच्याजवळ आता फक्त रंगीत माहितीपत्रक आहे.

तेव्हापासून नियम बरेच कडक झाले, हेही सांगितले पाहिजे. घराची नोंद भूमी खात्यात होते, भाडेकराराची नोंद होते. भाडे किती वाढवता येईल याला मर्यादा आहे. स्वतः राहायचे किंवा विकायचे म्हणून भाडेकरूला काढायचे तर बारा महिन्यांची रीतसर नोटीस द्यावी लागते. भाडेकरू म्हणून मामूंना या नियमांनी तारले होते. मालक झाल्यावर तेच नियम त्यांना पाळावे लागतील. खरेदीच्या वेळी चार टक्के नोंदणी शुल्क, दर वर्षी इमारतीचा देखभाल खर्च, मधले रिकामे महिने, दलाली हे सगळे वजा करूनच भाड्याकडे पाहायचे. शिवाय दिरहम डॉलरला बांधलेला आहे. २००२ मध्ये डॉलर सुमारे ४८ रुपयांना होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या वर होता. दुबईच्या घराने गावात ज्यांचे नाव झाले, त्यांच्या नफ्यातला मोठा वाटा घराचा नसून रुपयाच्या घसरणीचा आहे.

आणि परवान्याचे काय? नोकरी संपली की नोकरीचा व्हिसा संपतो. ठरावीक किमतीचे घर असेल तर मालकाला राहण्याचा व्हिसा मिळतो. २० लाख दिरहमच्या घरावर दहा वर्षांचा मिळतो, पण मामूंच्या वन बीएचकेला ती किंमत कुठली? कमी किमतीच्या घरावर कमी मुदतीचा व्हिसा असतो आणि त्या अटीही बदलत आल्या आहेत. परनानांच्या काळापासून हे तत्त्व बदललेले नाही. भिंती तुमच्या, उंबरठा सरकारचा.

आपल्या देशाचा कायदाही पाहायला हवा. १९७३ च्या फेरा कायद्यात इथे राहणाऱ्याला परदेशात घर घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. फेमा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. परदेशात राहत असताना तिथे कमावलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. इथून पैसे पाठवून घेणाऱ्यांसाठी २००४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलरची मुभा सुरू झाली. २०१३ मध्ये रुपया कोसळला तेव्हा या वाटेने घर घेणे काही काळ बंदच केले होते. २०१५ मध्ये मर्यादा अडीच लाख डॉलर झाली. म्हणजे मामूंनी परतण्याआधी घेतले तर ते त्यांच्या कमाईचे, सरळ. परतल्यावर मात्र ते घर आणि त्याचे भाडे आयकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागेल. २०१५ च्या काळा पैसा कायद्याने हे लपवणाऱ्याला १० लाखांचा दंड होऊ शकतो. "तिकडचं तिकडे" हे आपल्या लोकांचे आवडते वाक्य आता चालणार नाही. आणि भावाच्या, मित्राच्या नावावर घर घेण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांनी ट्रान्सवाल आठवावे.

मामूंना दोन मुली आहेत, मुलगा नाही. अमिरातीत मुसलमानाच्या वारसाला शरियतचे वाटे लागतात. मामींचा आठवा हिस्सा, दोन्ही मुलींचे मिळून दोन तृतीयांश आणि उरलेले चोविसातले पाच भाग मामूंच्या भावंडांचे, म्हणजे आमच्या अम्मीचाही त्यात वाटा. तो अल्लाहने ठरवलेला हक्क आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण तिथल्या न्यायालयातून वारसपत्र मिळेपर्यंत घर विकता येणार नाही आणि ते मिळवायला मामींना त्या मुलखात जावे लागेल किंवा कोणाला तरी मुखत्यार करावे लागेल. आपल्याकडे परदेशातल्या मालमत्तेचे कागद बाईला दाखवायची रीत नाही. नानीच्या पेटीतून निघालेला कागद याच रीतीचा पुरावा आहे.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनाला बोचत राहिली. परमुलखाने आपल्या माणसांना परके मानले, याची तक्रार आम्ही मांडली. पण घराच्या बाबतीत परके ठरायला बोट-विमान लागत नाही. खारघरच्या आधी आम्ही नवी मुंबईच्याच एका नोडमध्ये भाड्याने घर पाहायला गेलो होतो. दलालाने नाव विचारले आणि म्हणाला, "सोसायटीत चालत नाही." पगाराची पावती त्याने पाहिलीच नाही. आणि ज्या जमिनीवर हे शहर उभे आहे ती तरी कोणाची? १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घ्यायचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत जासईच्या आंदोलनात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. सिडकोने जागा दिली तीही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. आम्ही 'ओनरशिप' म्हणून मिरवतो तो फ्लॅटही पट्ट्याच्या जमिनीवरच आहे. फरक इतकाच की इथे अन्याय झाला तर मोर्चा काढता येतो, मत देता येते, कोर्टात उभे राहता येते. आगरी-कोळी शेतकऱ्यांनी लढून साडेबारा टक्के जमीन परत मिळवली. परमुलखात घर घेणाऱ्याजवळ हेच एक नसते.

म्हणून मामूंना आम्ही "घेऊ नका" असे सांगितले नाही. बांधून झालेले, नोंदणी झालेले घर, स्वतःच्या नावाने, सगळी बचत न ओतता घेतले तर ते वाईट नाही. भाडे हलालच आहे. पण त्याला पेन्शन समजू नये. दुसऱ्याच्या मुलखाने आज दिलेली मुभा उद्या तशीच राहील असे समजू नये. आणि मामींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घराच्या किमतीआधी ठरवावे.

मामूंनी अजून काही नक्की केलेले नाही. पण रजा संपवून जाण्याआधी एका संध्याकाळी त्यांनी मामींना आणि दोन्ही मुलींना समोर बसवले. बँकेचे कागद, विम्याचे कागद, देणे-घेणे सगळे एका वहीत लिहून दिले आणि ते मुलींकडून मोठ्याने वाचून घेतले. मामींनी ती वही नानीच्या पेटीत, परवान्याच्या शेजारी ठेवली आहे. पेटीची किल्ली आता मामींकडे असते.